चाड्यावरची मूठ

आमच्या भागात राज बदललं तेव्हा मी तिशीच्या आतबाहेर असेन. नक्की वय विचारू नका. ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते कधीच गेले. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचा हाली सिक्का गेला, कचेरीतली उर्दू गेली, पुढं आमचा जिल्हा हैदराबादेतून काढून मुंबईला जोडला. जो तो म्हणायचा, सगळं बदललं. मला विचाराल तर त्या दहा-बारा वर्षांत आमच्या घरात बदललेली मोठी गोष्ट एकच, माझा उजवा हात. बाकी रानातली काळी माती तीच होती, बैलांचं शेण तसंच काढावं लागत होतं, आणि जाऊबाईंची जीभही होती तशीच होती.

गाव वालूरजवळचं. आम्ही मूळचे मेंढरं राखणाऱ्यांतले, पण सासऱ्यानं मेंढरं विकून शेती धरली होती. जमीन पावसाळाभर मोकळी ठेवायची आणि दसऱ्याच्या आसपास त्यात ज्वारी पेरायची. पेरणी तिफणीनं. मालक बैलं हाकायचे आणि तिफणीमागं मी चालायची. तिफणीवर लाकडाची एक वाटी असते, तिला चाडं म्हणतात. चाड्याला तीन भोकं, आणि प्रत्येक भोकातून एक नळी खाली जमिनीत फणापर्यंत गेलेली. ओटीतलं बी मुठीत घ्यायचं आणि बोटांच्या फटीतून चाड्यात सोडत चालायचं. तिन्ही भोकांत सारखं पडलं पाहिजे. बैलांनी चाल बदलली की मुठीनंही बदलली पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल.

मुठीची चूक त्या दिवशी दिसत नाही, हीच त्यातली गोम. माती वरून सारखी होते, सगळ्यांचं रान एकसारखं दिसतं. आठवड्यानं कोंब वर आले की मग हिशेब उघडा पडतो. कुठं पुंजकेच्या पुंजके, कुठं हातभर रिकामं. रान वाटेवर असलं की आलागेला उभा राहून बघतो आणि पुढच्या गावी जाऊन सांगतो. आमचं मोठं रान वाटेवरच होतं.

आणि मूठ जिची, बियाणं तिचं. सुगीला कणसं कुठली निवडायची, कोणत्या मडक्यात ठेवायची, कधी बाहेर काढायची, हे तिनं ठरवायचं. आमच्या मालकांनी मला फारसं काही विचारून केलं असं आठवत नाही. लेकीची सोयरीक ठरली तेव्हा विचारलं नाही, भावकीत वाटण्या झाल्या तेव्हा विचारलं नाही. पण पेरणीच्या आधी दोन-चार दिवस रानातून यायचे, ओट्यावर बसायचे आणि विचारायचे, "काय मनतीस, उद्या धरावं का?" मी म्हणाले धरा, तर धरायचे. म्हणाले थांबा, तर थांबायचे. वर्षातून एकदा का होईना, त्या घरात माझ्या शब्दावर बैलं जुंपली जात. त्यामुळं ती मूठ मला प्यारी होती, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

ही मूठ मला सासूकडून आली ती तिनं दिली म्हणून नाही. रझाकारांच्या धामधुमीत ती तापानं गेली आणि त्या हंगामाला चाड्यामागं उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळं मूठ धरायची कशी ते मी बघून बघून शिकले, पण सोडायची कशी ते मला कुणी दाखवलंच नाही.

चाळिशीच्या आगेमागे बाईच्या अंगात काय काय होतं ते आमच्यात कुणी बोलत नाही. विहिरीवर बोलतात, पण तेही निम्मं डोळ्यांनी. माझं महिन्याचं कडेला बसणं आधी मागंपुढं झालं, मग थांबलं. चुलीपुढं बसलेली नसतानाही अंगातून वाफा निघायच्या. कुणी मोठ्यानं बोललं की डोकं फिरायचं, आणि आमच्या घरात हळू बोलायची रीत नव्हती. जाऊबाई म्हणाल्या, "सुटलीस बाई. आता तू मोकळी." एका अर्थानं खरं होतं. त्याआधी पेरणीच्या ऐन दिवसांत मी कडेला बसले की तिफण तशीच उभी राहायची. ओल उडून चालली तरी मालक अंगणात येरझारा घालायचे आणि माझ्याकडं असं बघायचे की जसं काही मी मुद्दाम बसले. आता ती अडचण संपली. वर्षाचे सगळे दिवस माझे झाले, आणि नेमक्या त्याच सुमाराला हाताला मुंग्या यायला लागल्या. दात हायती तर चणे न्हाईत, चणे हायती तर दात न्हाईत, त्यातली गत.

म्हणतात की दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. माझं उलटं. आलं तेच मुंग्यांच्या पावलानं. सकाळी उठल्यावर अंगठा आणि पहिली दोन बोटं माझी नसल्यासारखी असायची. झटकली की परत यायची. मग झटकूनही येईनाशी झाली. भाकरी थापताना चालायचं, दळताना चालायचं, कारण तिथं जोर लागतो. पण मुठीला जोर नको असतो. मुठीला कळावं लागतं की बोटांमधून किती निसटलं. ते कळणंच कमी होत चाललं होतं.

मी इलाज केले. करडीचं तेल गरम करून चोळलं. कुणी सांगितलं म्हणून मनगटाला बिब्बा घातला. हात तसाच राहिला, कातडं तेवढं उतलं. बाजाराच्या निमित्तानं सेलूला गेले तेव्हा एका डॉक्टरला दाखवलं. त्यानं मनगट दाबलं, बोटं वाकवून बघितली आणि म्हणाला, "वय झालं की असं होतं बाई. हाताला आराम द्या." मी म्हणाले, "आराम द्यायला हात काय पाहुणा हाय व्हय?" तो हसला. मला हसू आलं नाही. परतताना गाडीत बसून मी वय झालं म्हणजे काय झालं याचा विचार केला. म्हातारी म्हणावं तर केस काळे होते. तरणी म्हणावं तर घरात सून यायची होती. मधल्या वाटेवर माणूस असलं की त्याला कुणी काही नाव देत नाही, नुसता आराम सांगतात.

त्या हंगामाला मूठ मी धरली. उगवलं बरं, पण नुसतं बरं. दोन ठिकाणी पुंजके आले. त्या वर्षी सायकलवरून येणाऱ्या ग्रामसेवकानं सांगितलं म्हणून आम्ही बियाण्याला गंधक चोळला होता. कणसाला काणीचा रोग पडत नाही म्हणे, आणि नाहीच पडली. पण पुंजके दिसल्यावर मी मालकांना म्हणाले, "गंधकानं बी घसरतंय, मूठ तरी काय करंल." जाऊबाईंचं रान आमच्या शेजारी, आमचा धुरा, म्हणजे मधला बांध, एक. त्या तिथूनच म्हणाल्या, "गंधक तर आमीबी लावलंय." नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण त्यांना म्हणायची गरजही नव्हती.

जाऊबाई माझ्यापेक्षा मोठ्या, पण हात खणखणीत. मालक एकदा जेवताना सहज म्हणून गेले, "लयच तरास व्हायला लागला तर वहिनीला सांगू." सहजच म्हणाले. भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले. मला मात्र त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. मूठ जाऊबाईंकडं गेली म्हणजे बियाणंही जाईल आणि तो वर्षातला एक सवालही धुरा ओलांडून पलीकडं जाईल. ती परत यायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी पुढं हाताबद्दल घरात चकार शब्द काढला नाही.

मग सून आली. पेडगावची. तिच्या माहेरी अजून मेंढरं होती आणि जोडीला दोनेक एकर रान. लेक माझा सेलूच्या जिनिंगमध्ये कामाला, कपाशीच्या दिवसांत तो तिकडंच असायचा. त्यामुळं सून खरी माझ्याच वाट्याला आली. काम करायला वाघीण, बोलायला मुकी. मी मनातल्या मनात हिशेब केला होता की ही आली की दोन हंगाम शेजारी चालवीन, मग हिच्या हाती मूठ देईन, म्हणजे ती घरातच राहील. चांगली तयारी होती माझी. दुसऱ्याच दिवशी ती शेळीची धार काढायला बसली आणि मी बघतच राहिले. पोरगी डावखुरी होती.

आमच्याकडं डाव्या हातानं वाढायचं नाही, डाव्या हातानं द्यायचं नाही, आणि पेरायचं तर बिलकूल नाही. धरणीच्या ओटीत डाव्या हातानं टाकायचं म्हणजे काय? दुसरा दस्तूर असा की रान एका मुठीचं असावं. ज्या हातानं सुरू केलं त्यानंच संपवायचं. मधी हात बदलला की पीक रुसतं. हे दोन्ही दस्तूर कुणी केले, मला माहीत नाही. मी पाळले, जसे सगळे पाळत होते.

मी तिला उजव्या हातानं शिकवायला घेतलं. अंगणात सूप पालथं घालायचं, त्यावर तीन रेघा काढायच्या आणि उभ्यानं ज्वारी सोडायला सांगायची. ती गुमान उभी राहायची आणि मूठ उघडली की ढीग पडायचा. बंद केली की काहीच पडायचं नाही. मधलं तिच्या उजव्या हाताला ठाऊकच नव्हतं. मी ओरडले की तिचा हात आणखी घट्ट व्हायचा. जाऊबाई त्यांच्या ओट्यावरून म्हणाल्या, "डावा हात पाठीला बांधून ठिव, आपसूक येतंय." मी म्हणाले, "लेकरू हाय ते, गोऱ्हा न्हाई." बांधला मी नाही. पण मला राग आला होता, आणि तो तिचा होता की माझ्या हाताचा, ते सांगता यायचं नाही.

एका दुपारी घरात कुणी नाही बघून मी स्वतःच सुपापुढं उभी राहिले. म्हटलं, उजवा गेला तर गेला, डाव्याला शिकवू. चोरून धरीन, मालक कुठं मागं बघत्यात. मूठभर ज्वारी डाव्या हातात घेतली आणि सोडली. ढीग पडला. परत घेतली, काहीच पडेना. तिसऱ्यांदा निम्मी पायावर सांडली. कोंबड्या जमल्या आणि माझ्या चुका टिपायला लागल्या; त्या दिवशी त्यांच्याइतकं खूश गावात कुणी नसेल. त्या सुनेच्या उजव्या हाताला मी काय मागत होते, ते मला तेव्हा कळलं. जन्मभर ज्या हातानं नुसतं धरून ठेवायचं काम केलं, त्याला सोडायचं काम एकदम कसं यावं?

सून विहिरीवरून आली ती घागर डोक्यावर तशीच ठेवून उभी राहिली. मला वाटलं हसते की काय. ती घागर उतरवून जवळ आली.

"आत्याबाई, मनगट आसं वळवायचं," ती म्हणाली आणि माझ्या ओटीतून डाव्या हातानं ज्वारी घेतली.

सुपावरच्या तिन्ही रेघांवर बी पडत गेलं, सारखं, न तुटता. मी बघत होते. तिचा हात चालत नव्हता, नुसतं मनगट हलत होतं.

"कुठं शिकलीस?"

"माहेरी. आई धरू द्यायची. दोन एकराचं रान, तिथं कोण बगायलंय. दादाला ठाव न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "आईनं सांगितलंय, सासरी डावा हात काढायचा न्हाई."

मी सूप उचललं आणि आत गेले. तिला बरं म्हणाले नाही आणि वाईटही म्हणाले नाही. आमचं त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

दसरा गेला. मालकांनी ओट्यावर बसून विचारलं, मी धरा म्हणाले. तिफणीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, मी ओटी भरली. त्या वर्षी पावसानं लवकर पाठ फिरवली होती, ओल खाली खाली चालली होती. मोठं रान एका दमात संपवायला हवं होतं. सून माझ्या शेजारून चालत होती, तिच्या ओटीत जास्तीचं बी, माझं सरलं की भरायला. जाऊबाईंची पेरणी आदल्या दिवशी उरकली होती. त्या त्यांच्या बाभळीखाली बसून आमची बघत होत्या.

वाटेच्या बाजूनं सुरुवात केली. थोडा वेळ हात चांगला चालला. मग अंगठा गेला, मग बोटं गेली. बी पडतंय की नाही ते मला कळेना म्हणून मी मुठीकडं बघत चालायला लागले. हाताचं काम डोळ्यांना लावलं की काय होणार? डोळ्यांना दिसेपर्यंत बैलं चार पावलं पुढं गेलेली असायची. मला माहीत होतं मातीखाली काय होतंय. माझ्याइतकं कुणालाच माहीत नसेल. थांबले असते तर मालकांनी जाऊबाईंना हाक मारली असती, म्हणून मी थांबले नाही. एकामागून एक तास, म्हणजे फणांनी पाडलेल्या रेघा, माझ्या त्या मेलेल्या हातानं पेरत गेले. मला भ्या वाटत होतं. बाळंतपणात वाटलं नव्हतं तसलं भ्या.

रानाचा काही भाग असा गेला. एका वळणानंतर सुनेनं माझ्या मुठीखाली तिची मूठ धरली. डावी. मी हात काढून घेतला. ठरवून काढला असं म्हणता येणार नाही, काढला गेला. ती चाड्यामागं आली, मी तिच्या जागी शेजारून चालायला लागले. बैलं तशीच चालत होती.

मालकांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. त्यांनी मागं वळून बघितलं. तिच्या हाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग वर बघितलं. ऊन तापत होतं. त्यांनी बैलांना हाक दिली आणि पुढं चालले. बाभळीखाली जाऊबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, पण एवढ्या लांबून मूठ कुठल्या तासाला बदलली ते त्यांना दिसलं नसणार. एवढं मात्र दिसलं की सून चाड्यावर होती आणि हात डावा होता. संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या गावाला दिसलं.

नंतरचा आठवडा कसा गेला विचारू नका. मी रोज रानाकडं जायचं टाळलं आणि रोज गेले. जाऊबाई विहिरीवर म्हणाल्या, "चार दिवस सासूचे आन् चार सुनेचे, पर तुजे चार कदी सरले गं?" मी घागर उचलून निघून आले.

कोंब आले. मी, मालक आणि जाऊबाई धुऱ्यावर उभे होतो. वाटेनं बाजाराला जाणाऱ्या दोघी-तिघी बायाही थांबल्या. सून भाकरीची टोपली घेऊन मागं उभी होती. वाटेकडचं रान बघवत नव्हतं. इथं पुंजका, तिथं मोकळी माती, मधल्या नळीचा तास तर बराच लांब कोराच गेलेला. त्याच्या पल्याडचं मात्र रेघ मारल्यासारखं. तिन्ही तास अंगभर कोंबांनी भरलेले, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत.

जाऊबाईंनी वाटेकडच्या भागाकडं बोट केलं. "बगा. ही डाव्या हाताची करणी. म्या काय सांगत व्हते?"

बाया सुनेकडं बघायला लागल्या. तिनं मान खाली घातली. ती बोलणार नव्हती, हे मला दिसत होतं.

मालकांना सगळं माहीत होतं. बैलं त्यांनीच हाकली होती. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "व्हय. नवीन हाय. शिकंल हळूहळू."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणाले. मग कळलं. ह्या माणसानं लग्नापासून चारचौघांत माझी बाजू कधी घेतली नव्हती. आईपुढं घेतली नाही, वहिनीपुढं घेतली नाही. आज पहिल्यांदा घेतली होती, तीही खोटं बोलून. मी गप्प राहिले असते तर सगळं जिथल्या तिथं राहणार होतं. मूठ माझी, बियाणं माझं, आणि डाव्या हाताचं नाव पुन्हा कुणी काढलं नसतं. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला त्यांचा एवढा लोभ आला की रडू येईल असं वाटलं. आणि ते बरं वाटणं मला घेता येत नव्हतं, कारण ती पोरगी टोपली घेऊन मागं उभी होती.

"न्हाई," मी म्हणाले. "ते माजं हाय. तिचं त्या पल्याडचं."

जाऊबाईंनी एकदा इकडचं रान बघितलं, एकदा तिकडचं. बाया बाजाराच्या वाटेला लागल्या. त्यांना आता सांगायला चांगली गोष्ट मिळाली होती. मालकांचं तोंड उतरलं होतं. वहिनीदेखत बायकोनं त्यांना खोटं पाडलं होतं. ते बैलांकडं निघून गेले आणि पुढं बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांचंही बरोबर होतं. माणूस जन्मात एकदा काही द्यायला निघतो आणि समोरचा ते परत करतो, तर राग येणारच.

जिथं उगवलं नव्हतं तिथं नांग्या भरायच्या होत्या, म्हणजे खुरप्यानं उकरून एक एक बी हातानं टोचायचं. मी बसून बसून भरल्या, डाव्या हातानं. टोचायला डावा चालत होता. सून मदतीला आली तेव्हा तिला परत लावलं. म्हणाले, तुज्या तासात न्हाईत नांग्या, घरचं बग. नांग्यांतलं निम्मं उगवलं, निम्मं ओल संपल्यामुळं वाळलं.

पुढच्या वर्षी मूठ तिनं धरली. डाव्या हातानं, उघड, नारळ फोडून. गावात चार दिवस चर्चा झाली. कुणी म्हणालं घोर पाप आहे, कुणी म्हणालं पीक तर येतंय. मालक एवढंच म्हणाले की उगवणाऱ्याला डावं-उजवं कळत न्हाई, आणि बैलं जुंपली. जाऊबाई बाभळीखाली येऊन बसल्या होत्या.

मी पाण्याचं मडकं घेऊन धुऱ्यावर बसले. सगळी तयारी करून आले होते मी. जाऊबाईंच्या बोलण्याची तयारी होती, हाताच्या दुखण्याची होती, दुसरी बाई माझ्या जागी चालताना बघायचीही होती. ते सगळं मी वर्षभर मनाशी घोटून ठेवलं होतं. खालच्या अंगाला जमीन चिकट आहे, तिथं नळीत माती बसते, बी तुंबतं. तिथं ती अडेल, हाक मारील, मग मी उठून सांगेन की नळी कशी ठोकायची. चिकट जमीन आली. तिनं चालता चालता खुरप्याच्या दांड्यानं नळी ठोकली आणि पुढं गेली. ओटी सरली तेव्हा वळणावर स्वतःच भरली. उन्हं वर आली. तिफण येत होती, वळत होती, जात होती.

रान संपलं तेव्हा ती पाणी प्यायला माझ्याकडं आली. तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं आणि माझ्याकडं बघून काळजीनं म्हणाली, "आत्याबाई, तुमी घरी जायचं की. उगंच उन्हात बसलाव."

तिच्या मनात काही नव्हतं. मी व्हय म्हणाले आणि घरी आले.